साक्षीदाराला कोण ओळखतं?

रामधनला त्या गावात कोणी रामधन म्हणत नसे. तालुक्याच्या रजिस्ट्री कचेरीसमोर एक कडुनिंब होता, निंबाखाली एक बाक होता आणि बाकावर रामधन होता. या तिघांना मिळून लोक 'साक्षीदार' म्हणत. 'मी साक्षीदारापाशी थांबतो' असं कोणी म्हणालं, तर झाडापाशी की माणसापाशी, हे विचारायची गरज पडत नसे. कोणीतरी कौतुकाने पाठवलेली लग्नाची पत्रिकादेखील पोस्टमनने 'साक्षीदार, निंबाखाली' एवढ्या पत्त्यावर बरोबर पोचवली होती.

शेत विकायचं असो की प्लॉट घ्यायचा असो, दस्त नोंदवताना समोर उभा असलेला माणूस तोच आहे, हे सांगणारे दोघे लागतात. 'आम्ही यांना व्यक्तिशः ओळखतो' असं लिहिलेलं असतं, त्याखाली ते सही करतात. ओळखपत्र खिशात असलं तरी ते दोघे लागतातच. आता फुलसावंगीकडून एस्टीने लोंबकळत आलेला माणूस कापूस वेचणीच्या दिवसांत आणखी दोघांना कुठून सोबत आणणार? म्हणून कचेरीबाहेर ओळखणारी माणसं बसलेली असतात. नाव विचारतात, चहा पितात, सही ठोकतात आणि पाठ वळायच्या आत विसरून जातात.

रामधनची पंचाईत ही, की त्याला खोट्याखाली सही करवत नसे. वडिलांच्या वावरात थोरल्या भावाशी पटेना म्हणून तो तरुणपणी गावात आला आणि दस्तलेखक यज्ञेश्वर काकांच्या टेबलाशी पाणी भरायला लागला. काकांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कचेरीच्या कामातलं. एके दिवशी साक्षीदार कमी पडला तेव्हा त्यांनी रामधनपुढे कागद सरकवला.

"कर सही. ओळखतोस ना यांना?"

"कुठं ओयखतो काका? आत्ता त पाह्यलं."

"मग ओळख करून घे. साहेब जेवून येईपर्यंत वेळ आहे."

काका चेष्टेने बोलले होते. रामधनने ते मनावर घेतलं आणि मग कधी मनावरून उतरवलंच नाही. तेव्हापासून दस्ताला आलेल्या प्रत्येक माणसाला तो आधी बाकावर बसवून घेई आणि विचारपूस सुरू करी. लहानपणी कोणत्या झाडावरून पडले? भाजी कोणती आवडते? घरात भिता कोणाला? माणसं आधी चिडत, मग बोलायला लागत आणि एकदा बोलायला लागली की थांबत नसत. पूनमसिंग नावाचा तांड्यावरचा शेतकरी आपल्या वावराचा तुकडा विकायला आला होता. त्याने सांगितलं, की तो सासूला भितो, आणि सासू जिवंत होती तेव्हा इतका भीत नव्हता. हे ऐकल्याशिवाय रामधनने पेनाचं टोपण काढलं नाही.

कापसाने सगळ्यांना रडवलेली ती वर्षं. बियाणं महाग, बोंडं पोकळ, भावाचं नाव नको, आणि कापसातून सरकी काढणारी गावातली जिनं एकामागून एक कुलपं लावून बसलेली. बाजारात शुकशुकाट असे, पण रजिस्ट्रीसमोर पाय ठेवायला जागा नसे, कारण जो तो काहीतरी विकायला आलेला. सकाळी दिवस उगवल्यावर बाकावर बसलेला रामधन मावळतीला उठे. तालुक्यातल्या निम्म्या माणसांच्या आवडत्या भाज्या त्याला तोंडपाठ झाल्या होत्या.

त्याची बायको बेबीताई जिनात कामाला होती. रुईतला पालापाचोळा हाताने वेचायचा, दिवसभर, बायकांच्या रांगेत बसून. भुवयांवर पांढरी धूळ आणि तोंड अखंड चालू. गावाच्या टोकाला लेआउटात त्यांचं घर होतं. आजूबाजूचे प्लॉट लोकांनी घेऊन ठेवलेले, त्यांवर तण माजलेलं, शेजार म्हणावा असा नाहीच. घर बेबीताईच्या मजुरीवर उभं राहिलं होतं. कागद मात्र रामधनच्या नावावर, कारण प्लॉट घेताना कोणीतरी सहज म्हणालं, "बाईचं नाव कायले?" आणि त्या 'कायले'ला तेव्हा कोणापाशी उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं ते सत्यभामाकडून. सत्यभामा जिनातली बेबीताईची मैत्रीण. तिचा नवरा गेला आणि तेराव्याचे पाहुणे पांगायच्या आत दिरांनी घराला नवं कुलूप लावलं. घर सासऱ्याच्या नावावर होतं. कचेरीत गेली तर 'वारस कोण?' असं विचारलं गेलं आणि दिरांनी दिलेल्या उत्तरात ती कुठे नव्हतीच. आता ती बहिणीच्या पडवीत पत्र्याच्या पेटीवर डोकं ठेवून झोपत होती.

बेबीताईला लेकरू नव्हतं. रामधनचा थोरला भाऊ मात्र होता, आणि त्याने अलीकडे येणंजाणं वाढवलं होतं. एके दिवशी तो बैलगाडीतून जुनी तिफण घेऊन आला आणि अंगणात ठेवून गेला. "राहू दे इथं, आपलंच घर हाय." पेरणी झाली तरी तिफण न्यायला आला नाही. मग टिनपत्रे आले. मग दाराची एक चौकट आली, जिला अजून भिंत नव्हती. ती चौकट भाऊ आपल्या हाताने धरून अंगणात इकडेतिकडे उभी करून पाहायचा आणि मान हलवायचा.

"अवो," बेबीताई म्हणाली, "तुमच्या भावानं दार आनलं. आता घर उरलं."

रामधन हसला. ती हसली नाही.

"मी काय मनतो—"

"तुमी काही नका मनू. साऱ्या जगाच्या रजिस्ट्र्या लावता. माही लावा."

रामधनला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी काकांनी बक्षीसपत्र लिहून दिलं. रामधन घर देणार, बेबीताई घेणार. सोपं काम. साक्षीदाराच्या रजिस्ट्रीला साक्षीदारांची काय कमी?

आता इथे आभा मॅडमना आणलं पाहिजे. त्या यवतमाळहून नव्याने बदलून आलेल्या अधिकारी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायला सुरुवात केली आणि बाकीचे ओळखणारे बाकांवरून पळाले. रामधन तेवढा टिकला, कारण त्याला विचारलं ते त्याला ठाऊक असे. मॅडमना हे इतकं आवडलं, की त्यांनी रामधनचेच प्रश्न उचलले. मोठ्या हुद्द्याची बाई दस्तावर शिक्का मारण्याआधी 'यांना भाजी कोणती आवडते?' असं विचारते, हे पाहायला वकील उगाच दारात येऊन उभे राहत. त्यांचा कायदा कडक होता, आणि तो निंबाखाली जन्मला होता.

रामधनने पूनमसिंगला आणि त्याचा चुलतभाऊ फुलसिंगला बोलावून आणलं. दोघे आनंदाने आले. साक्षीदाराचं काम म्हटल्यावर पूनमसिंगने तर धुतलेलं धोतर नेसलं.

"यांचं नाव काय?" मॅडमनी विचारलं.

"साक्षीदार," पूनमसिंग म्हणाला.

"ते काम झालं. नाव?"

पूनमसिंगने रामधनकडे निरखून पाहिलं, जणू नाव कपाळावर लिहिलेलं असावं. "साक्षीदारभाऊ," त्याने आदराने सुधारणा केली.

"राहतात कुठे?"

"निंबाखाली."

"लग्न झालंय?"

"झालं असन. वय त झालं हाय." मग शेजारी उभ्या असलेल्या बेबीताईकडे पाहून त्याने हळूच फुलसिंगला विचारलं, "ह्या बाई कोन?"

मॅडमनी दस्त परत केला. दस्त लिहिणाऱ्याची ओळख चालत नाही, त्यामुळे काकाही बाद. बाकावरून उठताना रामधनला पहिल्यांदाच जाणवलं, की आयुष्यभर त्याने इतक्यांना विचारलं, पण 'आणि तुमचं काय?' असं उलट कोणी विचारलं नव्हतं. माणसं आपलं सांगत, हलकी होत आणि एस्टी पकडत.

"घाबरतोस काय?" यज्ञेश्वर काका म्हणाले. "दोघांना शिकव. पाठ करून घे."

मग निंबाखाली शाळा भरली. पूनमसिंग आणि फुलसिंग समोर मांडी घालून बसले आणि रामधनने स्वतःचा विषय शिकवायला घेतला.

"नाव रामधन. वडिलांचं गाव अमकं. लिहू नका, डोक्यात ठेवा."

"भाजी कोनती आवडते?" फुलसिंगने विचारलं. "थे मॅडम हटकून विचारते."

रामधनने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्याला पूनमसिंगची भाजी माहीत होती, फुलसिंगची माहीत होती, गेल्या वर्षी प्लॉट विकून पुण्याला गेलेल्या मास्तरांची माहीत होती. स्वतःची आठवेना.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी बेबीताई चुलीपुढे भाकरी थापत होती. रामधन दाराशी उकिडवा बसला.

"अवं, मले भाजी कोनती आवडते?"

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "अंबाडीची. वरून लसनाची फोडनी पायजे, नाई त अर्धी भाकर टाकता."

"आन् मी लहानपनी कोनत्या झाडावरून पडलो?"

"पडले कुठं? चढलेच नाई. पोट्टे झाडावर जात आन् तुमी खाली उभं राहून त्यायच्या चपला सांभायत. तुमीच सांगतलं होतं, लग्नाच्या पयल्या वर्षी."

"आन् भेतो कोनाले?"

"पालीले," ती म्हणाली आणि मग मात्र पदर तोंडाला लावून हसली.

रामधनला व्यक्तिशः ओळखणारं माणूस इथे, चुलीपुढे बसलं होतं. पण तेच माणूस घर घेणार होतं, आणि घेणाऱ्याची साक्ष चालत नाही. कायदाच तसा होता.

दुसऱ्यांदा कचेरीत गेले तेव्हा पूनमसिंगने नाव, गाव, अंबाडी, न चढलेलं झाड सगळं एका दमात म्हणून टाकलं आणि घाम पुसला. फुलसिंगची पाळी आली. पण निंबाखाली त्याने आजवर इतक्यांची पडापड ऐकली होती, की ऐन वेळी त्याचा गोंधळ उडाला. साक्षीदार लहानपणी चिंचेवरून पडला, हात मोडला आणि त्याच्या आजीने त्यावर हळदीचा लेप लावला, असं त्याने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं.

"हे माह्या बापाचं हाय," पूनमसिंग त्याच्या कानात ओरडला.

"हा म्हणतो, झाडावर चढले नाहीत. तुम्ही म्हणता, पडले," मॅडम म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं, पण त्या हसल्या नाहीत. "रामधनभाऊ, हे पाठांतर आहे. ओळख नाही. तुमच्याकडूनच शिकले मी हा फरक."

स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडल्यावर माणूस ओरडणार तरी कोणाच्या नावाने?

घरी आला तर अंगणात भावाची आणखी एक वस्तू येऊन पडली होती: सिमेंटची टाकी. तिच्यावर भाऊ ऐटीत बसला होता. "इथं पान्याची सोय ठीक राहीन," तो म्हणाला. बेबीताईने त्याला चहा दिला आणि आत येऊन चहाचा रिकामा गंज जमिनीवर इतक्या जोरात आपटला, की पाल भिंतीवरून पळाली.

"उद्या मी आनतो मानसं," ती म्हणाली.

"तू कोठून आनशीन? मले कोनी ओयखत नाई."

"तुमाले नसन माहीत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोन बायकांना घेऊन कचेरीत आली. एक सत्यभामा. दुसरी बिजलीबाई, तांड्यावरची, हातभर बांगड्या आणि आवाज भोंग्यासारखा. दोघी जिनातल्या, बेबीताईच्या रांगेतल्या. जिन बंद पडल्यापासून रिकाम्याच होत्या. रामधनने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनीही त्याला पाहिलं नव्हतं. हे कळल्यावर काकांनी कपाळाला हात लावला.

आतल्या बाकावर बरेच पुरुष आपल्या पाळीची वाट बघत दाटीवाटीने बसले होते. त्यांतच रामधन.

"या बाईंच्या मालकांना तुम्ही ओळखता?" मॅडमनी विचारलं.

"ओयखतो न."

"कधी पाहिलंय?"

"पाह्याचं काय काम?" बिजलीबाई म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग यांतले कोणते ते दाखवा."

बिजलीबाईने रांगेवरून नजर फिरवली, चेहऱ्यांवरून नाही, पायांवरून. "थे. एका पायातली चप्पल काढून बसलेले. जीव घाबरला का त्यायची डावी चप्पल निंगते." सगळ्यांनी वाकून पाहिलं. डावी चप्पल बाकाखाली गेली होती. बिजलीबाईने रामधनला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि बेबीताईकडे वळली. "बाई वं, हे त बुटके हायत. तुह्या बोलन्यात चांगले उंच होते."

कचेरीत हशा पिकला. मॅडमनी हात वर करून तो थांबवला आणि प्रश्न सुरू केले. भाजी? अंबाडी, लसणाची फोडणी. झाड? चढलेच नाहीत, चपला सांभाळल्या. भीती? पाल. न विचारलेलंही आलं. बैलाला धक्का लागला तर बैलाची माफी मागतात. भावाशी भांडण झालं त्या दिवशी उपाशी गावात आले आणि अजून भावाविरुद्ध शब्द बोलत नाहीत. बायकोला ताप आला होता तेव्हा तिच्या वाटचे कपडे धुतले आणि कोणी पाहू नये म्हणून घरातच वाळत घातले. रामधनचे कान तापले. इतकी वर्षं जिनाच्या धुळीत, रुईच्या ढिगाशेजारी, आपलं सगळं आयुष्य रोज वेचून ठेवलं जात होतं, आणि आपल्याला पत्ता नव्हता.

"छान," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेन उचललं. "आता फक्त यांचं नाव सांगा."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"नाव त तिनं कधी घेतलं नाई," सत्यभामा म्हणाली. "नवऱ्याचं नाव कसं घेईन? 'हे' मनते. नाई त 'आमचे घरचे'."

पेन हवेतच राहिलं. यज्ञेश्वर काकांनी डोळे मिटून घेतले. पूनमसिंगला नाव पाठ होतं आणि माणूस माहीत नव्हता. यांना माणूस पाठ होता आणि नाव माहीत नव्हतं. बेबीताई नाव सांगायला पुढे झाली, तर मॅडमनी तिला थांबवलं. घेणाऱ्याने साक्षीदाराला शिकवायचं नाही. रामधनने दुसरीही चप्पल काढली.

"थांबा!" बिजलीबाईने एवढ्या जोरात म्हटलं, की संगणकापाशी बसलेला कारकून दचकला. "संक्रांतीचा उखाना! जिन बंद व्हायच्या पयले. आम्ही तिले दाराशी अडवलं होतं, नाव घेतल्याबिगर जाऊ दिलं नाई." आणि तिने कमरेवर हात ठेवून, सरकारी टेबलासमोर, ठसक्यात म्हणून दाखवला:

"रुईतला कचरा काढते वेचून,
रामधनरावाचं नाव ठेवते कमरेला खोचून!"

बाहेर खिडकीला लागलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेबीताई लाजून भिंतीकडे वळली. मॅडमनी मान खाली घालून शिक्का उचलला, आणि त्यांचे खांदे हलत होते.

दोघींचे फोटो निघाले, अंगठे उमटले. सत्यभामाने अंगठ्याची शाई पदराला पुसता पुसता विचारलं, "मॅडम, मी कायच्यावर अंगठा देल्ला?"

"की तुम्ही यांना ओळखता."

"एवढ्यावर घर होते?"

"घर त्यांचंच होतं. ओळखीमुळे नोंद झाली."

सत्यभामाने शाईच्या अंगठ्याकडे पाहिलं. "माह्या मालकाले मी यायच्यापेक्षा जास्त ओयखत होती," ती म्हणाली. "थे गेले तवा मले कोनी इचारलंच नाई. काहून नाई इचारलं?"

टाळ्या वाजवणारे खिडकीतून हळूहळू बाजूला झाले.

घरी फाटकाशी आल्यावर बेबीताईने पदर खोचला. "तिफन बाहेर काढा," ती म्हणाली. रामधनने तिफण ओढत रस्त्याच्या कडेला नेली, मग टिनपत्रे, मग भिंतीविनाची चौकट. टाकी दोघांनी मिळून ढकलली. मागच्या खोलीतली लाकडं हलवून तिने खोली शेणाने सारवली, आणि दिवस मावळायच्या आत सत्यभामाची पत्र्याची पेटी तिथे येऊन पडली. बेबीताईने रामधनला विचारलं नाही. त्यालाही तिने विचारावं असं वाटलं नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून त्याने सवयीने सत्यभामाला विचारलं, की लहानपणी कोणत्या झाडावरून पडली. ती बोरीवरून पडली होती. मग तिचा नवराही कोणत्या झाडावरून पडला होता ते तिने सांगितलं, बरंच काही सांगितलं, आणि अंबाडीची भाजी निवून गेली तरी रामधन उठला नाही.

थोरला भाऊ दोन दिवसांनी आला. रस्त्यावर पडलेली तिफण पाहून लाल झाला. फाटक ढकलून आत आला तर ओट्यावर एक अनोळखी बाई गहू निवडत बसलेली.

"हे कोन?" तो रामधनवर ओरडला. "कोनाची कोन ही बाई? आपल्या घरात कायले?"

रामधनची डावी चप्पल निघाली होती. पण तो उठून उभा राहिला आणि आयुष्यभर कचेरीत ज्याखाली सही केली, ते वाक्य त्याने पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं.

"मी यांना व्यक्तिशः ओळखतो," तो म्हणाला. "आन् घराचं इचारत असशीन, त घरवालीले इचार."